घरच्या मुलीचा पगार

माणसाच्या श्रमाला मोल असते, असे अर्थशास्त्रात लिहिले आहे. ज्यांनी लिहिले ते विद्वान असतील, पण ते नागपुरात प्रताप नगरात राहिलेले नसावेत. आमच्या कॉलनीत श्रमाला मोल नसते, नाते असते. आणि एकदा नाते लागले की पैशाचा विषय काढणाऱ्यालाच लाज वाटावी, अशी उत्तम व्यवस्था आम्ही करून ठेवली आहे. मी या कॉलनीचा सचिव आहे (बिनपगारी, परंतु निवृत्तिवेतनधारक).

गेल्या मे महिन्यात विद्यापीठाला सुट्ट्या लागल्या आणि आमच्या गल्लीतल्या पुष्पलताबाईंकडे त्यांची सावनेरची भाची गार्गी राहायला आली. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष संपलेले. तिने कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘सुट्टीत पगारी काम हवे आहे. गणित शिकवीन, टायपिंग करीन, ऑनलाइन फॉर्म भरीन.’ कारणही प्रामाणिकपणे दिले. कॉलेज परगावी, आणि तिथल्या वसतिगृहाचे नऊ हजार पंधरा जूनपर्यंत भरायचे होते. न भरल्यास जागा जाणार, आणि मग सायन्स सोडून सावनेरलाच आर्ट्सला नाव घाल, असे वडिलांनी बजावले होते.

एकेचाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. कूलरवाल्या भैयाजींनी वाढदिवसाचा केक पाठवला (अंगठा घसरला). ‘पगारी’ या शब्दावर मात्र काहींनी नापसंती नोंदवली. आपल्याच पोरीने असे परक्यासारखे का लिहावे, असा त्यांचा रास्त सवाल होता.

काम कोणी दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अनंतरावांनी नातू दिला. त्याला महिनाभर अपूर्णांक शिकवायचे होते. भैयाजींनी दुकानातल्या साठ कूलरचे फोटो काढून ऑनलाइन चढवायला सांगितले. चारुशीलाबाईंच्या भजनी मंडळाचा एकशे चौदा पानांचा इतिहास टाइप झाला. मी स्वतः माझ्या पाणीपुरवठ्याच्या अकरा वर्षांच्या तक्रारी संगणकावर चढवून घेतल्या आणि हयातीचा दाखला कसा काढायचा तेही करवून पाहिले (तो नोव्हेंबरात लागतो, पण पोरगी मोकळी होती).

मोबदल्यात कोणीही कसूर केली नाही. पन्हे झाले, तर्रीपोहे झाले. शिवाय घरच्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून प्रत्येक घराने हळदीकुंकू लावून ब्लाउजपीस दिला. दहा जूनपर्यंत तिच्याकडे चौदा ब्लाउजपीस जमले. त्यांतले अकरा आमच्या कॉलनीत निदान आठ वर्षे न शिवता फिरत आहेत. एक तर माझ्या सुनेच्या लग्नातला होता, मी काठावरून ओळखला. वसतिगृहाच्या लिपिकाने मात्र फी फक्त रोख किंवा ऑनलाइनच भरता येते, असे सांगितले.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या कांताबाईंना एक तारखेला पैसे मिळतात. त्या घरच्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पर्याय नसतो. त्यांनी गार्गीला मोरीतूनच सल्ला दिला, “आधी रेट सांगत जाय वं पोरी. चहा मंग पेजो.”

बारा तारखेला गार्गी माझ्यापुढे उभी राहिली. तिने चहा घेतला नाही. हातात कागद होता. त्यावर कामाचे दिवस आणि तास लिहिलेले.

“काका, मले घरची नका समजू,” ती म्हणाली. “मले कांताबाई समजा.”

मला वाईट वाटले. अगदी मनापासून वाटले. इतक्या लळ्याने वागवूनही पोर असे बोलते, याचे दुःख मी त्याच दुपारी अनंतरावांकडे आणि भैयाजींकडे व्यक्त केले. शहराने पोरगी बिघडवली, यावर आमचे एकमत झाले. सुभद्रेला, म्हणजे माझ्या पत्नीला, मी एवढेच सांगितले की तिला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. ती न जेवता गेली.

पंधरा तारीख आली आणि गेली. गार्गीचे नाव आता सावनेरच्या कॉलेजात आहे, शाखा कला. ग्रुपवर सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या, आणि अनंतरावांचा नातू अपूर्णांकात पास झाला, हेही कळवले.

हे वाचून आपण आमच्या कॉलनीला नावे ठेवाल. जरूर ठेवा. फक्त त्याआधी एक सांगा. परवा शेजारच्या मुलीने तुमचा फॉर्म भरून दिला, दोन तास बसली, आणि निघताना चपला घालूनही दारात क्षणभर उगाच उभी राहिली. ती कशासाठी थांबली होती? पाणी तर तुम्ही तिला आधीच विचारले होते.