अकरा मिनिटं मागे

भोसरी एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपच्या टाइम ऑफिसमधला कॉम्प्युटर अकरा मिनिटं मागे होता, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. त्याच्याच वेळेवर हजेरीचं बोट उमटायचं, त्याच्याच वेळेवर भोंगा वाजायचा, त्याचीच वेळ मालाच्या चलनांवर छापली जायची. त्यामुळे साडेसातची पहिली पाळी बाहेरच्या जगात सात एक्केचाळीसला सुरू व्हायची. चाळीस कामगार त्याच अंदाजानं घराबाहेर पडायचे, फाटकासमोरचा चहावाला त्याच अंदाजानं आधण ठेवायचा. सुटीही अकरा मिनिटं उशिराच होत असल्यामुळे मालक आणि कामगार दोघंही सुखी होते.

मग वर्षाली आली. आकुर्डीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नुकतीच ऑफिसात लागलेली, आणि काहीतरी दुरुस्त करायला हात शिवशिवत असलेली. तिसऱ्याच आठवड्यात चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीचा मेल आला. तुमच्या चलनावरची वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही, जुळवा, नाहीतर गाडी आत घेणार नाही. वर्षालीनं बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दर अर्ध्या तासानं इंटरनेटवरच्या घड्याळाला वेळ विचारायची आणि इथली दुरुस्त करायची, एवढंच तिचं काम. सोमवारी संध्याकाळी आकडे टुणकन अकरा मिनिटं पुढे गेले तेव्हा पहिली भाकरी टम्म फुगल्यासारखा तिला आनंद झाला. त्या आनंदात कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

मंगळवारी खऱ्या साडेसातला भोंगा झाला, तेव्हा सगळी पाळी फाटकाबाहेर चहा पीत होती. त्यातल्या सनीला ठसकाच लागला.

"भावा, भोंगा बिघडला का काय?"

"सुधारलाय राव," चहावाला म्हणाला. "दूध उकळायच्या आधी वाजला."

त्या दिवशी अडतीस लेट मार्क पडले. वर्षालीनं मनाशी म्हटलं, होईल सवय.

बुधवारी सकाळी साडेसातला भोंगा वाजला. लोक धापा टाकत आत आले, मशीनवर उभे राहिले, आणि अकरा मिनिटांनी तोच भोंगा पुन्हा वाजला.

"एका सकाळी दोन साडेसात?" सनी ओरडला. "मग मी पहिल्याला लेट धरायचा का दुसऱ्याला लवकर?"

वर्षाली धावतच टाइम ऑफिसात शिरली. टाइमकीपर सयाजीकाका खुर्चीत बसले होते. एका हातात माउस होता आणि दुसऱ्या हातानं त्यांनी सव्वा वर्षाची एक पोरगी मांडीवर धरून ठेवली होती. पोरगी की-बोर्डवर मन लावून थापा मारत होती.

"काका, वेळ तुम्ही मागे केलीत?"

"न्हाई बा. ह्या कॉम्प्युटरलाच कायतरी झालंय. म्या मागं करतो, त्यो पुन्यांदा पुढं पळतो."

"म्हणजे तुम्हीच केलीत!"

सयाजीकाकांनी पोरगीची बोटं की-बोर्डवरून सोडवली. कॉम्प्युटरमधला वेळ राखणारा सेल कधीच गेलेला होता, त्यामुळे रोज सकाळी वेळ तेच हातानं लावायचे. हे वर्षालीला माहीत होतं. पण ते मुद्दाम चुकीची लावत असतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"ही आपल्या पाळीतल्या नागसेनची सुजाता," काका शेवटी म्हणाले. "त्याची बायकू भाग्यश्री चाकणला रातपाळी करती. तिची बस कोपऱ्यावर येती सात तेहतीसला. त्याला आत यायचं साडेसातला. मदल्या येळंला पोर धरायची कुनी? आजूबाजूचे समदे पाळीवालेच. ती नोकरी सोडाया निगाली व्हती, आन पुढल्या महिन्यात ती पर्मनंट व्हनार हाय. मग म्या म्हनलं, घड्याळच जरा थांबू दे."

"अहो, पण नागसेनभाऊंनी शेठना सांगायचं ना!"

"त्याला मागायची सवय न्हाई. आन त्याला ठावं बी न्हाई. त्याला वाटतं, कंपनीचं घड्याळच मागं हाय, आपलं नशीब. काल पोर घिऊन फाटकात उबा राह्यला, लेट लागला. आज म्हनला, आता भाग्यश्री घरीच बसंल. म्या पोर वढूनच घेतली त्याच्याकडनं."

आपल्या बारा ओळींनी एका बाईची नोकरी घालवायची वेळ आणली होती. वर्षालीनं माउस हातात घेतला आणि स्क्रिप्ट पुसायला निघाली, तेवढ्यात बाहेर चाकणच्या गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर चलन नाचवत आला.

"मॅडम, ह्याच्यावर सात तीस छापलंय, मोबाइलमध्ये सात एक्केचाळीस झालेत. ते गेटवरूनच परत पाठवतील की!"

स्क्रिप्ट ठेवली तर भाग्यश्रीची नोकरी जाणार होती, काढली तर वर्कशॉपचं गिऱ्हाईक. अशा वेळी मालक येणारच. गणराजशेठ दारात उभे राहिले.

"दोनदा भोंगा कुणी वाजवला?"

"माझी स्क्रिप्ट चुकली, सर," वर्षाली घाईनं म्हणाली.

"तिची न्हाई शेठ, माजी चूक हाय," सयाजीकाका उठून उभे राहिले.

सुजातानं दोघांकडे बघितलं आणि माउस शेठना देऊ केला. शेठनी माउस घेतला, मग पोरगीही घेतली. आज बस उशिरा आली होती. कोपऱ्यावरून भाग्यश्री डबा सावरत पळत येत होती. शेठ फाटकापर्यंत गेले आणि पोर तिच्या हवाली करून परत आले.

"वर्षाली, नोटीस टाइप कर. घड्याळाची वेळ अचूक करण्यात आली आहे. सबब पहिली पाळी सात एक्केचाळीस ते चार अकरा राहील."

"सर, सात एक्केचाळीस? जगात कुणाची पाळी अशी नसते. पावणेआठ करूया ना."

"पावणेआठ केलं तर कुणासाठी तरी केलं असं दिसेल. सात एक्केचाळीस म्हणजे काहीच बदललं नाही."

सयाजीकाका ड्रायव्हरला नवं चलन द्यायला बाहेर गेले, तशी वर्षाली टाइप करता करता थांबली. "सर, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"केबिनची खिडकी फाटकावर उघडते," शेठ हळूच म्हणाले. "पोरगी आईला बघून अशी झेप घेते की माझा सगळा दिवस बरा जातो. सयाजीला सांगू नकोस. त्याला वाटतं, मला माहीत नाही."

गुरुवारी एमआयडीसीची सुटी होती. शुक्रवारी नोटीस लागली, चहा वेळेवर उकळला, चाकणची गाडी हसतखेळत गेली. सात अडतीसला बोट लावून नागसेन टाइम ऑफिसच्या दारात घुटमळला. सयाजीकाका भोंग्याची वायर तपासायला गेलेले होते.

"ताई, घड्याळ नीट केलंत, लई बरं झालं. वर्षभर जिवाला लागायचं बघा. आपण चोरीच्या वेळेत लेकराला खेळवतोय, असं वाटायचं. आता हक्काची झाली."

"चोरीच्या? म्हणजे तुम्हाला..."

"काका रोज सकाळी घड्याळ मागं करायचे, ते ह्या जाळीतून दिसायचं की." नागसेननं आवाज खाली आणला. "पण त्यांना सांगू नका, ताई. त्यांना वाटतं, मला माहीत नाही."

वर्षालीनं मान हलवली. डोळे पुसायला तिला दोन मिनिटं मिळाली. मग सात एक्केचाळीसला भोंगा वाजला आणि पाळी सुरू झाली.