धुळोजी भोयाच्या पाठीची परीक्षा

श्रीगणाधीशास नमन करून, कुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, जें वर्तलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहितों. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, एका डोंगरी राज्यांत राणीसाहेब घाट उतरत असतां मागील दांडीचा कान्हू भोई निसरला आणि दरींत जाऊन मेला, आणि मेणा कलंडून राणीसाहेबांचा हात मोडला. मग दिवाणसाहेबीं हुकूम फर्माविला कीं, उरल्या छत्तीस भोयांच्या पाठी तपासाव्या, थकली पाठ दूर करावी. काम लखमभट वैद्यांस सांगितलें. वैद्यबावा साठीचे, विद्येनें थोर. परंतु देवीच्या साथींत कुटुंब आणि लेकरें गेलीं, तेव्हांपासून अकरा वर्षें घरांत दुसऱ्याचा शब्द नव्हता.

वैद्यीं युक्ति योजिली ती ऐसी. भोयास फळीवर पालथें निजवावें, कंबरेवरील अंग फळीबाहेर अधांतरीं धरवावें, दोघांनीं पाय दाबावे, आणि साठ दीर्घ अक्षरें म्हणतां एक पळ, या मापानें पळें मोजावीं. पांच पळांआधीं जो खालीं येईल त्याची चाकरी सुटली. पहिला धुळोजी भोई आला, वीस वर्षें पुढील दांडी धरणारा, कान्हूचा जोडीदार. तो तीन पळांत पडला. कारकुनानें आकडा लिहिला, मोहर जाहली, आणि धुळोजी पागोटें उचलोन निघाला.

वैद्यांस तें रुचलें नाहीं. ऐसा गडी तीन पळांत पडेल कैसा, म्हणोन त्यांनीं बाकीच्यांची परीक्षा थांबविली आणि धुळोजीस पुन्हां बोलाविलें. दुसरे दिवशीं सहा पळें भरलीं. तिसरे दिवशीं कारकुनानें मोजिलीं तों आठ, कारण तो अक्षरें भरभर म्हणे आणि खांदा वीतभर झुकला तरी पडला म्हणत नसे. मग चौथे खेपेस वैद्यीं मोजिलीं तों चार. तेव्हां वैद्यीं पुसिलें कीं, आज पाठ दुखते काय.

धुळोजी उठून बसला आणि बोलिला, "पाठ दुखत नाहीं, महाराज. चालतांना मागें कान्हूचें पाऊल वाजत नाहीं."

आपल्याच घरची गोष्ट परक्याच्या तोंडीं ऐकावी तैसें वैद्यांस जाहलें, आणि हात धुवावयास गेले ते बराच वेळ आले नाहींत.

मग दरबारीं जाऊन अर्ज केला कीं, एका पाठीचे चार आकडे येतात, यांतील खरा कोणता हें मज कळत नाहीं. सबब एका दिवसाच्या मोजणीवर कोणाची भाकर तोडूं नये. खांद्याच्या उंचीस दोरी ताणावी, पळभरांत बुडेल ऐसी भोकाची वाटी पाण्यांत सोडावी, पाय दाबणारे तेच ठेवावे, आणि दिवसाआड तीन खेपा घ्याव्या.

दिवाणसाहेबीं विचार करून मान्य केलें. मग वैद्य म्हणाले, "आणि धुळोजी?"

"त्याच्या आकड्यावर मोहर जाहली," दिवाणसाहेब बोलिले. "ती फिरविली तर उद्यां कोणता हुकूम उभा राहील? पस्तीस पाठी हव्या कीं एक, तें तुम्हीच सांगा."

वैद्यीं मान लवविली आणि मुजरा केला.

पस्तिसांच्या तीन तीन खेपा जाहल्या, आकडे एकमेकांशीं जुळले, एकतीस राहिले आणि चौघे खरेच थकले होते त्यांस पाणी भरण्याचें काम दिलें. धुळोजी त्याआधींच बायकोमुलांनिशीं कोंकणांत उतरला. वैद्य वेशीपर्यंत गेले होते, परंतु झाडाआड उभे राहिले आणि त्याची गाडी दिसेनाशी जाहल्यावर परतले.

येणेंप्रमाणें पाठींची परीक्षा शुद्ध जाहली, शेजारच्या राज्यांनींही ती उचलली, आणि वैद्यांचें नांव जाहलें. वैद्य पुढें सहा वर्षें जगले. कोणी वाखाणूं लागतां ते उठून आंत जात.