धडपड्याचा आवाज

बुधवारी सकाळी डबिंग स्टुडिओत प्रतीक्षाबाई चौदा वेळा पडल्या आणि चौदाही वेळा नापास झाल्या.

पडल्या म्हणजे नुसत्या आवाजाने पडल्या. धडपड्या नावाचा एक बुटका प्राणी आहे. मुलं मोबाईलवर जो व्हिडिओ गेम खेळतात, त्याचा हा नायक. डोक्यावर पार डोळ्यांपर्यंत बादली घालून फिरतो, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. गेम इतका चालला की त्यावर टीव्हीसाठी कार्टून मालिका निघाली. अकरा मिनिटांच्या एका भागात धडपड्या चाळीस वेळा पडतो, आपटतो, चेंगरतो, दारात सापडतो. पण एक शब्द बोलत नाही. नुसता कळवळतो. मूळ मालिकेत तो परक्या भाषेत कळवळत होता. आपल्या मुलांना आपल्या भाषेत कळवळणारा धडपड्या हवा, म्हणून आवाजाचा शोध चालला होता.

प्रतीक्षाबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिफोन कंपनीला फोन लावला की, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा’ असं जो मऊ आवाज सांगायचा, तो सव्वीस वर्षं त्यांचा होता. माणसं कंपनीवर चिडायची, पण त्या आवाजावर चिडणं कुणाला जमलं नाही. वर्षभरापूर्वी कंपनीने यंत्राचा आवाज आणला आणि बाईंना भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती. माईक सोडायचा नाही. काय बोलायला मिळेल ते बोलायचं. बोलायला नाही मिळालं तर कळवळायचं.

“मॅडम, आवाज गोड आहे,” काचेपलीकडून बाहेर येत दिग्दर्शिका म्हणाली. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि गळ्यात हेडफोन अडकवून फिरायची. “पण तुम्ही पडताय असं वाटत नाही. तुम्ही पडण्याची सूचना देताय असं वाटतं.”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे, ‘आई गं’च्या आधी तुम्ही ‘कृपया’ म्हणालात.”

“एकदाच म्हणाले असेन.”

“तीनदा.” दिग्दर्शिकेला वाईट वाटत होतं, पण तिच्याही वर जाब विचारणारे होते. “उद्या सकाळी अकराला शेवटची चाचणी घेऊ. घरी सराव करा. काही बरं जमलं, तर आज रात्रीपर्यंत रेकॉर्ड करून पाठवा.”

बाई घरी आल्या त्या थेट यजमानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. यजमानांना सगळी इमारत टेपकाका म्हणे. भूमापन खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी खिशातली मोजपट्टी सुटली नव्हती.

“अहो, मला उद्यापर्यंत पडता आलं पाहिजे.”

“किती फुटांवरून?” काकांनी विचारलं.

सोफा जमिनीपासून दीड फूट भरला. काकांनी खाली गादी अंथरली, वही घेतली, रकाने आखले आणि बाई सोफ्यावर उभ्या राहून गादीवर पडू लागल्या. पहिल्या तीन वेळा लाज आडवी आली. चौथ्यांदा कोपर टेकलं आणि आवाजात थोडा जीव आला. सातव्यांदा तर काकांनी दहापैकी साडेसहा गुण दिले. दहाव्या वेळी बाईंनी पोटातून अशी आरोळी ठोकली की शोकेसमधल्या काचा थरथरल्या, आणि दाराची घंटा वाजली.

दारात खालचे दाताचे डॉक्टर उभे होते. हातात रबरी मोजे, हनुवटीखाली मास्क. त्यांचा दवाखाना बरोबर या घराखाली होता आणि दारावर ‘वेदनारहित दंतचिकित्सा’ अशी ठळक पाटी होती.

“वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. मी पडायचा सराव करतेय.”

डॉक्टरांनी गादीकडे, सोफ्याकडे आणि वहीकडे पाहिलं. “करा, करा. पण खाली माझ्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून बसलेत. ते विचारतायत, वरचा दवाखानाही तुमचाच का. बाहेर पाचजण थांबलेत. त्यांनी अजून विचारलेलं नाही, पण ते एकमेकांकडे बघायला लागलेत.”

बाईंनी माफी मागितली. डॉक्टर गेले. पण सराव थांबवायचा विचार बाईंच्या मनाला शिवलाही नाही. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढाच प्रश्न होता. आतल्या खोलीत जुनं, खोल लाकडी कपाट होतं. दोघांनी मिळून खालचे कप्पे रिकामे करून मधल्या फळ्या काढल्या, तिन्ही बाजूंना गोधड्या लावल्या, वरच्या फळीवर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि बाई आत शिरल्या. दार मात्र आपोआप उघडत होतं.

“बाहेरून कडी घाला,” बाई म्हणाल्या. “आणि नीट ऐका. मी अर्ध्यात कच खाते, हे मला माहीत आहे. तेव्हा मी कितीही गयावया केली, रडले, काहीही कारण सांगितलं, तरी चाळीस पूर्ण झाल्याशिवाय कडी काढायची नाही.”

“चाळीस म्हणजे चाळीस,” काका म्हणाले. कामात सवलत देणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी कडी घातली, खुर्ची ओढली आणि वहीत नवीन पान काढलं.

काम झकास सुरू झालं. आतून धडाम, मग कळवळणं; बाहेरून शेरा. “नऊ नंबर चांगली. दहाला मात्र पडायच्या आधीच लागलं तुला.” “पंधरात घाई झाली.” “अठरा पुन्हा घे, अठराला तू ‘कृपया’ म्हणालीस.”

तेविसाव्या वेळी पाय कुठे अडकला कोण जाणे, बाईंच्या पोटरीत गोळा आला. साधासुधा नव्हे, दगडासारखा. वाकायला जागा नाही, पाय लांब करायला तर नाहीच नाही.

“अहो, उघडा.”

“तेवीस,” काकांनी लिहिलं.

“अहो, खरंच उघडा. पायात गोळा आलाय. मरणाचं दुखतंय.”

काका हेलावले. “ही आत्तापर्यंतची सगळ्यात सरस. असंच चालू ठेव.”

“मी सोंग करत नाहीये हो.”

“तू म्हणालीच होतीस, असं म्हणशील म्हणून.”

बाईंनी दारावर थापा मारल्या. काकांनी त्याचे वेगळे गुण दिले. बाईंनी काकांच्या आईची आठवण काढली, लग्नातल्या वचनांची आठवण काढली, मग एका दमात त्यांना काय काय म्हणून घेतलं. काकांनी वहीत टीप केली: ‘भाव उत्तम. शब्द कमी करावेत.’

या सगळ्यात एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. कपाटामागच्या भिंतीत हवेचा झरोका होता, आणि तो थेट डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, वाट पाहणाऱ्यांच्या डोक्यावर उघडत होता. सोफ्यावरचा आवाज निदान छतातून गाळून येत होता. आता तो शब्दन्‌शब्द येत होता. ‘सोडा मला, मरणाचं दुखतंय’ ऐकून पाचातले तिघे उठले. खुर्चीतले गृहस्थ गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या रुमालासकट रस्त्यावर गेले.

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. बाहेरचं दार उघडंच होतं.

“वहिनी कुठायत?”

“कपाटात,” काकांनी वहीवरून नजर न उचलता सांगितलं.

डॉक्टरांनी मास्क हळूच काढून खिशात ठेवला. आतून कण्हणं ऐकू आलं. “चोवीस,” काका म्हणाले.

“काका, कडी काढा.”

“सोळा राहिल्यात.”

“अहो, खरंच गोळा आलाय त्यांना. ऐकून कळतंय.”

“तुम्ही दातांचे,” काका म्हणाले. “आणि तिने मला बजावून सांगितलंय. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

तेवढ्यात आतलं कण्हणं थांबलं. थापा थांबल्या. खोलीत एकदम शांत झालं. आणि मग कपाटातून आवाज आला. चढलेला नाही, घोगरा नाही. सव्वीस वर्षं लोकांना थांबायला सांगणारा तोच मऊ, स्वच्छ आवाज. फक्त त्याच्या तळाशी काहीतरी वेगळं होतं.

“अहो. मी आता तीन म्हणणार आहे. एक आणि दोन मी मनात म्हटलेत.”

एकतीस वर्षांच्या संसारात काकांनी हा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टरांचा या प्रकरणात काडीचा संबंध नव्हता, तरी तेही दोन पावलं मागे सरले. काकांची वही खाली पडली. त्यांनी झेपावून कडी काढली.

दाराला टेकून उभ्या असलेल्या बाई, तीन गोधड्या आणि अकरा हँगर एकदम बाहेर आले. त्या धक्क्याने कपाट पुढे झुकलं, पलंगाच्या कडेवर टेकलं आणि तसंच राहिलं. पण कपाटावर ठेवलेली मोठी सुटकेस तशी राहायला तयार नव्हती. ती सावकाश घसरत आली आणि कोपऱ्यावर उभी अशी काकांच्या पायाच्या अंगठ्यावर उतरली.

काका ओरडले. आरोळी खालच्या पट्टीत सुरू झाली, चढत गेली, मध्येच फाटली आणि शेवटी कुकरच्या शिट्टीसारखी बारीक होत विरली. खाली राहिलेले दोघेही पेशंट उठून गेले.

पुढचा अर्धा तास डॉक्टरांनी बावीस वर्षांत प्रथमच दाताखेरीज दुसऱ्या अवयवांना हात लावला. एकीची पोटरी चोळली, दुसऱ्याच्या अंगठ्यावर बर्फ बांधला. जाताना ते काहीच बोलले नाहीत, तेच बाईंच्या जिवाला लागलं. त्या लंगडत खाली गेल्या, पेशंटांच्या वहीतून नंबर घेतले आणि एकेकाला स्वतः फोन केला. “मघाशी आपण जे ऐकलंत ते दवाखान्यातलं नव्हतं. ती मी होते. आपण परत येऊ शकता.” त्या आवाजाला नाही म्हणणं कुणाला शक्य नव्हतं. अर्ध्या तासात सहाही जण परत आले, गृहस्थ तर गळ्यातल्या रुमालासकट.

वर आल्यावर बाई गादीवर टेकल्या. “ते रेकॉर्डिंग पुसून टाका.”

“पाठवलं,” काका म्हणाले.

“कुठलं?”

“सगळं. बावन्न मिनिटांचं. मोजणीत मधला भाग गाळत नाहीत.”

बाईंनी चष्मा काढून गादीवर ठेवला. काकांना वाटलं, त्यांनी ‘तीन’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“मग उद्या जाऊ नकोस हवं तर,” काका चाचरत म्हणाले.

“जाणार. सोळा राहिल्यात ना, त्या तिथे पडून दाखवणार. मला हसले तर हसू देत. ‘नाही’ म्हणायचं असेल, तर मी समोर असताना म्हणू देत.”

गुरुवारी पावणेअकराला दोघं स्टुडिओत पोचले. बाई अजून एका पायाने जपून चालत होत्या. काका माफी मागायला आले होते, आणि उजव्या पायात बूट जात नसल्यामुळे एका पायात सपात घालून आले होते. दिग्दर्शिकेने त्यांना बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

“मॅडम, मी बावन्न मिनिटं ऐकली. रात्री एकदा, सकाळी एकदा.”

“मला समजतं,” बाई म्हणाल्या. “पण मला आणखी एक संधी...”

“पडणं तुम्हाला जमत नाही. ते सोडून द्या. पण मध्ये तुम्ही कुणाला तरी सांगता, की मी आता तीन म्हणणार आहे.”

“ते चुकून आलं त्यात. घरगुती होतं.”

“ते ऐकून आमचे रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उभे राहिले.” दिग्दर्शिका पुढे सरकली. “पुढच्या भागापासून मालिकेत बादलीची मालकीण येते. धडपड्याने जिची बादली पळवली ती. गेममध्ये अगदी शेवटच्या पातळीवर असते. धावत नाही, ओरडत नाही, नुसती चालत येते आणि बादली मागते. पोरं तिला टरकून असतात. तीन महिने आम्ही तिच्यासाठी आवाज शोधतोय. येतात त्या सगळ्या किंचाळतात. तुम्ही कराल का? प्रत्येक भागात आहे ती.”

बाईंनी पदराने चष्मा पुसला. “आणि धडपड्या?”

दिग्दर्शिकेची नजर काकांच्या सपातेवर गेली. “शेवटी जे ओरडले, ते कोण?”

काकांनी वर्गातल्या मुलासारखा अर्धा हात वर केला.

काकांना माईकसमोर उभं केलं. त्यांनी सातदा प्रयत्न केला. सातही वेळा ते लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखं ओरडले. “मला येत नाही हो हे,” ते म्हणाले. “मी खोटं कधी लिहिलं नाही, खोटं ओरडू कसा?”

“येईल,” बाई ठामपणे म्हणाल्या. “मी बरी सोडीन तुम्हाला.”

“आधी मॅडमचं वाक्य घेऊन टाकू,” काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. “काका, तुम्ही तिथेच थांबा.”

बाईंनी चष्मा चढवला, कागद पाहिला, माईकजवळ वाकल्या आणि अतिशय शांतपणे, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाल्या, “माझी बादली दे.”

काकांना कुणी हात लावला नव्हता, अंगावर काही पडलं नव्हतं. तरी ते ओरडले. खालून सुरू झाले, चढले, मध्येच फाटले आणि बारीक होत विरले.

काचेपलीकडे दोन अंगठे वर झाले. “दोन्ही ओके. पुढचं घेऊ.”

“अहो, ऐकलंत ना,” बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, “असे भिंतीला काय चिकटलात? पुढचं वाक्य आहे, जवळ या.”

काका जवळ आले नाहीत. शेवटी दिग्दर्शिकेने त्यांच्यासाठी वेगळा माईक मागवला.