बाशिंगाचं रिटर्न

"पत्रिका-बित्रिका आमच्याकडं चालत नाही. मुलाची मागच्या तीन वर्षांची इन्कमटॅक्स रिटर्नं पाठवा. बाकीचं मी बघतो."

कराडातले कर सल्लागार आप्पासो मगदूम फोनवर हे वाक्य बोलायचे तेव्हा त्यांची छाती दोन इंच पुढं यायची. पत्रिका ज्योतिषी बनवतो, फोटो फोटोवाला बनवतो, पण रिटर्नमधला आकडा बघितला की माणूस कसा आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. या दाव्यापायी ब्राह्मीची पाच स्थळं परत गेली होती. ब्राह्मी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. अठ्ठावीस पूर्ण, बी.कॉम. झालेली, वडिलांच्याच ऑफिसात काम करणारी. एक स्थळ रिटर्नच भरत नाही म्हणून गेलं, एक दरवर्षी दंडासह भरतं म्हणून गेलं, आणि एकाचं तर सगळं वेळेवर, व्यवस्थित होतं म्हणून गेलं. "इतकं स्वच्छ? कुठंतरी पाणी मुरतंय," आप्पासो म्हणाले होते.

आता हा संशय त्यांचा स्वभाव की धंद्यातनं जडलेला रोग, हे त्यांच्या बायकोला, अंजनाताईंनाही तीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. पण माणूस बिचारा करणार काय? समोर येणारी गिऱ्हाइकंच तशी. एक जण म्हशीच्या इंजेक्शनचं बिल वडिलांच्या औषधपाण्यात घालून आणायचा. दुसरा देणगीची पावती आणायचा, ती इतकी ताजी की शाई बोटाला लागायची. एक निवृत्त सुभेदार ओटीपी सांगायलाच तयार नसायचे. "गोपनीय आहे," म्हणून ते आप्पासोंना खुर्चीतनं उठवायचे, स्वतः एका बोटानं एकेक आकडा दाबायचे, आणि तोवर ओटीपीची मुदत संपायची.

आणि सगळ्यात मोठा ताप म्हणजे लग्नाळू पोरं. जग उत्पन्न लपवतं, ही पोरं वाढवून मागायची. सात लाखांपर्यंत कर शून्य, मग सहा लाख नव्वद दाखवायला काय जातंय? मुलीकडच्यांना सरकारी कागद दाखवता येतो आणि खिशातनं दमडी जात नाही. या प्रकाराला आप्पासोंच्या ऑफिसात 'बाशिंगाचं रिटर्न' म्हणत. आप्पासो आधी "मला हे पटत नाही" म्हणायचे आणि मग भरून द्यायचे.

तर सहावं स्थळ आलं सांगलीहून. मुलगा सम्मेद पाटील, मोटारपंप आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान, वडील रामगोंडा. मध्यस्थाच्या हाती तिन्ही रिटर्नं दुसऱ्याच दिवशी आली. आप्पासोंनी चष्मा पुसला. पहिल्या वर्षी सहा लाख नव्वद हजार. दुसऱ्या वर्षी सहा लाख पंचाण्णव. मग सरकारनं शून्य कराची मर्यादा बारा लाखांवर नेली, आणि तिसऱ्या वर्षी गड्याचं उत्पन्न थेट अकरा लाख नव्वद.

"बघ, बघ," आप्पासो बायकोला म्हणाले. "सरकारनं मर्यादा वाढवली आणि नेमकं त्याच वर्षी ह्याच्या बोअरला पाणी लागलं. शंभर टक्के बाशिंगाचं आहे हे."

"असू दे. रविवारी येणारेत ती माणसं," अंजनाताई म्हणाल्या. "पोरगी पहिल्यांदाच 'येऊ देत' म्हणालीय. पाच वेळा गप्प बसली ती. आता हे स्थळ मोडलंत तर ती पुन्हा कुणापुढं बसायची नाही, सांगून ठेवते. आणि मी तुमच्याशी बोलायची नाही."

आप्पासोंना लेकीची काळजी नव्हती असं नाही. काळजी होती म्हणूनच तर झोप उडाली होती. पोरीनं एवढ्या आशेनं हो म्हणावं आणि पुढं निघावा फुगा, या विचारानं ते रात्री उठून तीच रिटर्नं पुन्हा चाळायचे. शेवटी गुरुवारी "साताऱ्याला काम आहे" असं घरी सांगून त्यांनी सांगलीची एसटी पकडली.

दुकान बाजारातल्या एका गल्लीत होतं. आप्पासोंनी समोरच्या चहाच्या गाड्यावर ठाण मांडलं. काखेत फायलींची बॅग, खिशाला दोन पेनं, हातात वही. दुकानात कोण जातं, काय घेऊन बाहेर येतं, याची नोंद सुरू झाली. अर्ध्या तासात सात जण आत गेले. त्यातला एक पत्ता विचारायला गेला होता, एक सुटे मागायला, आणि एक तर कुत्रं होतं. ते त्यांनी प्रामाणिकपणे खोडलं.

गाड्यावरच्या बयाबाईनं तिसरा चहा पुढं केला. "काय मोजताय ओ मगापासनं?"

"काही नाही."

बाजारपेठेत पेन हातात धरून 'काही नाही' म्हणणारा माणूस कुठल्या खात्याचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. बयाबाई खतवाल्याच्या कानात बोलली, खतवाला बियाणेवाल्याच्या. दहा मिनिटांत गल्लीतली शटरं एकामागून एक गुडघ्यापर्यंत खाली आली. सम्मेदच्या दुकानाचंही आलं. आप्पासोंनी वहीत लिहिलं, 'सकाळचे साडेअकरा. दुकान बंद. धंद्यात लक्ष नाही.'

तेवढ्यात पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक गृहस्थ हात जोडून समोर उभे राहिले.

"नमस्कार साहेब. मी रामगोंडा पाटील. हे आमच्या पोराचं दुकान. आसं उन्हात का बसलाय? आत या की."

आपण साहेब नाही हे सांगायला आप्पासोंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिकडं फोटो फक्त मुलीचा गेला होता, त्यामुळं ओळखायचा प्रश्न नव्हता. शिवाय जन्मभर साहेबांपुढं उभं राहिलेल्या माणसाला आज पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हणत होतं. ते अर्ध्या शटरखालनं वाकून आत गेले.

सम्मेद बाहेर गेला होता. आत पंखा त्यांच्याकडं फिरवला गेला. सरबत आलं.

"धंदा कसा काय?" आप्पासोंनी आवाज जड केला.

"कसला धंदा ओ साहेब! आठवड्यात एक पंप खपला तर लय झालं. पोरगं आपलं माश्या मारत बसतंय."

"मग रिटर्नला अकरा लाख नव्वद हजार कुठनं आले?"

रामगोंडांनी हातातला पेला खाली ठेवला. साहेबाला आकडा पाठ आहे, म्हणजे फाईल पार वरपर्यंत गेली म्हणायची. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला.

"खरं सांगतो साहेब, तुमच्यापासनं काय लपवायचं. ते नुसतं लग्नासाठी फुगवलंय. कराडात एक माणूस हाय. पोरगी चांगली हाय त्याची, पण बाप जरा डोक्यानं सरकलाय म्हणं. पत्रिका सोडून रिटर्न मागतंय. त्याच्यापायी आमी ह्यात आडकलो. आता तुमीच काय ते बघा."

'डोक्यानं सरकलेल्या'नं सरबताचा घोट कसाबसा गिळला. रामगोंडांनी दोन किलो बेदाण्याची पिशवी त्यांच्या बॅगेला टेकवून ठेवली. आप्पासोंनी ती परत केली. तेव्हा तर रामगोंडांचा चेहरा पारच उतरला. पिशवी न घेणारा साहेब त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून आप्पासो आधी खूश झाले. आपलं नाक खरं ठरलं होतं. पण इस्लामपूर मागं पडलं तशी त्यांची खुशी ओसरायला लागली. रामगोंडा हे बोलले कुणाला? इन्कमटॅक्सच्या साहेबाला. आणि साहेबापुढं आजवर कुणी खरं बोललंय का? साहेबापुढं लखपतीसुद्धा कफल्लक होतो. मुलीच्या बापापुढं कफल्लकसुद्धा लखपती होतो. म्हणजे रिटर्नवर विश्वास नाही, आणि रिटर्न खोटं आहे म्हणणाऱ्यावरही नाही. कराड आलं तेव्हा आप्पासोंना एवढंच ठाऊक होतं की आपल्याला काहीच ठाऊक नाही.

घरी ब्राह्मी नवीन साडीला फॉल लावत बसली होती. तिच्याकडं बघून त्यांना एकदम भरून आलं. "रविवारी येऊ देत त्यांना," एवढंच बोलून ते आत गेले.

रविवारी अकराला गाडी दारात थांबली. रामगोंडा सर्वांत पुढं, मागं त्यांची बायको आणि सम्मेद. रामगोंडांनी उंबऱ्यात एका पायातली चप्पल काढली, मान वर केली, आणि कोचावर बसलेले साहेब त्यांना दिसले.

"साहेब," त्यांनी उंबऱ्यातनंच हात जोडले. "हितं बी?"

आप्पासो उठून उभे राहिले. तीन दिवस विचार करूनही हा क्षण काही त्यांच्या डोक्यात आला नव्हता. रामगोंडांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि बायकोकडं वळले.

"चला माघारी. ह्यांच्यात धाड पडल्या. साहेब, आमचा ह्या घराशी काय संबंध न्हाई. आमी आपलं पत्ता चुकलो."

"अहो, कुठं चाललात? या ना, बसा," अंजनाताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "हेच ब्राह्मीचे वडील."

रामगोंडा उंबऱ्यातनं मागं वळले.

"म्हंजे तुमी साहेब न्हवं?" रामगोंडा म्हणाले.

"नाही."

"मग आमच्या अख्ख्या गल्लीनं तीन दिस शटर वर केलं न्हाई, ते कुणासाठी?" रामगोंडांचा आवाज चढला. "चोरून बघायला आलता व्हय? असल्या संशयी घरात आमी सोयरीक करत न्हाई. चल रं सम्मेद."

"आणि तुम्ही फुगवलेलं रिटर्न दाखवलंत त्याचं काय?" आप्पासोही पेटले. "तुमच्याच तोंडनं ऐकलंय मी."

"ते साहेबाला सांगितलं. साहेबाला कोण खरं सांगतंय?"

"मग खरं काय आहे?"

"ते ज्यानं रिटर्न भरलं त्याला इचारा की. मला काय कळतंय त्यातलं?"

"कुणी भरलं? नाव सांगा."

रामगोंडांनी सम्मेदकडं पाहिलं. सम्मेदनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात ब्राह्मी बिनकांद्याच्या पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती.

"मी भरलंय, आण्णा. तिन्ही वर्षं. घरी, माझ्या लॅपटॉपवर."

आप्पासोंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही साताऱ्याला गेला होता तेव्हा हा नोटीस घेऊन ऑफिसात आला होता," ब्राह्मी म्हणाली. "तेव्हापासनं ओळख आहे. मला याच्याशीच लग्न करायचंय. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आधी रिटर्न मागितलं असतं, म्हणून रिटर्नच आधी पाठवलं."

"तुला माहीत होतं?" आप्पासोंनी बायकोकडं पाहिलं.

"पहिल्या वर्षापासनं," अंजनाताई म्हणाल्या आणि पाहुण्यांना पाणी देऊ लागल्या.

सगळ्या जगावर संशय घेता घेता घरातल्या दोन बायका तेवढ्या राहून गेल्या होत्या. आप्पासोंना राग यायला हवा होता. पण लेक पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून काहीतरी मागत होती, आणि तो सांगलीचा पोरगा घामानं भिजला होता तरी जागचा हलला नव्हता. रामगोंडाही आता दारातनं आत आले होते. चप्पल पुन्हा निघाली होती.

"बरं," आप्पासो म्हणाले. "माझी काही हरकत नाही. पण एकच सांग. पोरगा खरंच किती कमावतो?"

"ते नाही सांगता येणार."

"अगं, मी बाप आहे तुझा."

"असाल. पण ती क्लायंटची माहिती आहे, आण्णा."

रामगोंडा कोचाच्या कडेवर पुढं सरकले. "पोरी, त्यांस्नी नगं सांगू. आमाला तेवढं हळूच सांग. त्यो आमाला बी कवा धड आकडा सांगत न्हाई."

"तुम्हालाही नाही, मामा."

दोघा बापांनी एकमेकांकडं पाहिलं. तेवढ्यापुरता तरी त्यांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास बसला.

"लग्न झाल्यावर तरी सांगशील का?" आप्पासोंनी पडेल आवाजात विचारलं.

"लग्न झाल्यावर तर मुळीच नाही," ब्राह्मी त्यांच्या हातात बशी देत म्हणाली. "मग तो माझा नवरा असेल. पोहे घ्या, गार होतायत."