बोकडांची हजेरी

समोर काचेचं दुकान उघडलं आणि मटणवाल्याच्या सुऱ्यांना धार लावायचं कामच उरलं नाही. वापरली तर सुरी बोथट होणार ना? बापाच्या वेळचं दुकान. मधला लाकडी ओंडका घाव खाऊन खाऊन बशीसारखा झिजलेला. आणि समोर तो नवा गडी! सगळी गल्ली त्याला काचवाला म्हणायची. तो हातमोजे घालून पांढऱ्या ट्रेमधून मटण विकायचा. खुंटी नाही, आकडा नाही, ओंडका नाही. गुलाबी तुकड्यांवर पारदर्शक कागद ताणलेला, कडेला प्लॅस्टिकची हिरवी पानं. हा माल कधीकाळी चार पायांवर चालत होता, अशी शंकाही कुणाला येऊ नये.

"माझा भाऊ विचारत होता," एक दिवस बायको म्हणाली, "दाजींना गोदामात खुर्ची टाकून देऊ का म्हणून."

"खुर्चीत बसून काय करू?"

"येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या."

"त्या इथूनही दिसतात. गिऱ्हाईक मध्ये येत नाही ना, फार स्वच्छ दिसतात."

बोलून गेला खरा, पण ती खुर्ची त्याच्या मनात रुतून बसली. बापाचं दुकान बंद करून मेव्हण्याच्या दारात बसायचं? त्यापेक्षा ओंडक्यावर डोकं ठेवलेलं बरं. त्यानं विचार केला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. हल्ली लोक प्रत्येक गोष्टीचं मूळ विचारतात. दूध कुठलं, भाजी कुठली, खत कुठलं घातलं. 'घरचं' म्हटलं की माणसं हुरळून जातात. मग मटणच घरचं का नको? दुकानाच्या मागे मोकळं अंगण होतं. त्यात त्यानं तीन लहान बोकडं आणून बांधली. रोज बाजारातून कापलेला माल आणायचा तो येतच राहिला. ही बोकडं मोठी झाली की मात्र 'घरचं मटण' म्हणून पाटी लावायची. लोकांनी यावं, डोळ्यांनी बघावं, काय खातंय ते तपासावं आणि बिनघोर न्यावं.

लोक आले की! पहिल्या आल्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई.

"अगं बाई, किती स्वच्छ ठेवलंय! हे खरं घरचं. त्या काचेत काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी पांढऱ्या कानाच्या बोकडाला पिशवीतली कोथिंबीर भरवली. बोकडानं ती खाल्ली आणि पिशवीचा बंदही सोडवला. "हुशार आहे हो!" बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात असता तर पहिला आला असता." तेव्हापासून तो शहाण्या झाला.

मग गल्लीतलेच एक कॅशियर आले. त्यांना दाढीवाला काळा बोकड आवडला. तो कुणाकडे बघायचा नाही, हाक मारली तरी उठायचा नाही, आणि कारण नसताना शिंगं रोखायचा. "अगदी आमच्या साहेबांसारखा," ते म्हणाले, आणि त्याचं नाव साहेब पडलं. तिसरा अशक्त होता, म्हणून बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. दूध एवढं मानवलं की त्याचा ढोल्या झाला.

मटणवाला खूश होता. मागच्या अंगणात माणसांचा राबता सुरू झाला होता. आपल्या मालाचं एवढं कौतुक बापाच्या वेळीही झालं नव्हतं.

बोकडं भरली, तेव्हा त्यानं खडूनं पाटी लिहिली : 'या रविवारी घरचं बोकड.' रविवारी दुकान उघडायच्या आधीच गर्दी. मटणवाल्याचा ऊर भरून आला. पण जवळ जाऊन बघतो तर एकाच्याही हातात डबा नव्हता. सगळ्यांच्या हातात पाला होता.

"कुठलं कापणार आहात?" बाईंनी चौकशी अधिकाऱ्यासारखं विचारलं.

"हे... पांढऱ्या कानाचं अंगानं बरं झालंय."

"शहाण्या? तुम्हाला काही हृदय आहे का?"

"मग दाढीवालं."

"साहेबाला हात लावायचा नाही!" कॅशियर मध्ये पडले. "रोज ऑफिसला जाताना याला चार शब्द सुनावतो, तेव्हा कुठे माझा दिवस बरा जातो. हा गेला तर मी कुणाला बोलू?"

मटणवाल्यानं ढोल्याकडे पाहिलं. बायको दारात उभी होती. तिनं पाण्याची बादली खाली ठेवली. ती ज्या आवाजात ठेवली, त्यात सगळं आलं.

"अहो, पण तुम्ही सगळे मटण खाता ना?" तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"खातो की," बाई म्हणाल्या. "पण ओळखीचं नाही."

पाटी पुसली. मटणवाला पुन्हा बाजारातला माल टांगू लागला. पण आता नवंच त्रांगडं. टांगलेला माल बघून ज्याला त्याला शंका. "हा आपल्यातला तर नाही ना?" त्यानं शपथा घेतल्या, बाजारातली पावती दाखवली. कुणी विश्वास ठेवीना. शेवटी बाईंनीच तोड काढली. रोज सकाळी विक्री सुरू होण्याआधी तिन्ही बोकडं दुकानासमोर उभी करायची आणि त्या स्वतः हजेरी घेणार.

"शहाण्या?"

"बेंऽऽ"

"ढोल्या?"

ढोल्या तोंडात काहीतरी असल्यानं मान हलवायचा.

"साहेब?"

"साहेब नेहमीप्रमाणे उशिरा," कॅशियर सांगायचे. मग साहेब मागून डुलत डुलत यायचा, बाई मान डोलवायच्या आणि तेव्हा कुठे पहिली सुरी चालायची. काचवाला आपल्या काचेमागून हे बघून हसायचा. मटणवाल्याला लाज वाटायची, पण विक्री होत होती आणि गोदामातली खुर्ची लांब राहिली होती. पोटासाठी माणूस काय काय करतो. हा बोकडांची हजेरी देत होता, एवढंच.

आणि मग एका रविवारी शहाण्या गैरहजर राहिला.

मटणवाल्यानं अंगण पालथं घातलं. कडब्याच्या गंजीमागे नाही, मोरीत नाही. कालपर्यंत दोरी कुरतडून पिशव्यांचे बंद सोडवणारा गडी, अर्धी दोरी मागे ठेवून गायब! आणि दुकानात नेमका ताजा माल टांगलेला.

"शहाण्या?" बाईंनी हाक दिली. दुसऱ्यांदा दिली. मग त्यांची नजर हळूहळू आकड्याकडे गेली.

"बाई, हा बाजारातला आहे! आईशप्पथ!"

"तो मागचा पाय मी ओळखते."

"अहो, पायावरून कसा ओळखाल? कातडीसुद्धा नाही त्याला!"

"त्याचा पाय अस्साच होता. बाकदार." बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "खुनी!"

"अहो, मी मटणवाला आहे!" तो ओरडला. "तीस वर्षं मी हेच करतोय!"

"हे बघा, आता तर कबूलच केलं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

कॅशियरनी साहेबाचा गळपट्टा धरला आणि "चला साहेब, ही जागा तुमच्या लायकीची नाही," म्हणत त्याला घरी न्यायला निघाले. साहेब जागचा हलला नाही, उलट त्यांनाच दोन पावलं मागे घेऊन आला. मटणवाल्यानं आधारासाठी बायकोकडे पाहिलं. तीही जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, मला तरी खरं सांगा."

घरचीच अशी बोलल्यावर माणसानं कुणाकडे बघायचं? दुकान, बाप, तीस वर्षं, सगळं डोळ्यांसमोर फिरलं आणि शेवटी ती खुर्ची येऊन उभी राहिली. या वेळी तर तिच्यावर उशीही होती.

तेवढ्यात समोरून किंकाळी आली.

काचवाल्यानं नुकतंच शटर वर केलं होतं. आत, काचेच्या कपाटामागे, पुढचे दोन पाय ट्रेवर ठेवून शहाण्या उभा होता आणि प्लॅस्टिकचं हिरवं पान चघळत होता. काल संध्याकाळी मागच्या दारानं रविवारचा जादा माल उतरवताना तो आत शिरला असणार आणि अंधारात कोंडला गेला असणार. पानं काढायची म्हणून त्यानं कपाटाचं दार उघडलं होतं. आणि थंड ठेवणाऱ्या यंत्राची वायर ओढून प्लगही बाहेर काढला होता. वर्गात पहिला आला असता, यात शंकाच नव्हती.

"शहाण्याऽऽ!" बाई रस्ता ओलांडून धावल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या. गर्दी टाळ्या वाजवू लागली. मटणवाला वाट बघत राहिला, की आता कुणीतरी येईल, चुकलं म्हणेल, निदान अर्धा किलो तरी घेईल. पण एकेक जण त्याच्यासमोरून मान खाली घालून निघून गेला.

"आज नको," कॅशियर म्हणाले. "मघाशी तो शहाण्याच आहे असं वाटलं ना, आता मन होत नाही."

थोड्या वेळानं काचवाला तणतणत मागच्या दारानं आला. "सगळा माल मऊ पडलाय! वास मारतोय! रविवार आहे आज, गिऱ्हाईकाला काय देऊ, काच?"

मटणवाल्यानं टांगलेल्या मालाकडे बोट दाखवलं. "हा घेऊन जा. माझ्या जनावरानं नुकसान केलं, मी भरून देतो. नाही तरी इथं याला आता कुणी शिवणार नाही."

"पण हा तर..."

"बाजारातला. तू जिथून आणतोस तिथलाच. तुझ्या शेजारीच तर उभा असतो मी पहाटे."

मग दोघांनी मिळून कामाला हात घातला. मटणवाल्यानं ओंडक्यावर तुकडे केले, काचवाल्यानं ट्रे भरले, कागद ताणले. पानं शहाण्यानं खाल्ली होती, तर अंगणातली खरी लावली. सगळं मागच्या दारानं समोर गेलं. दुपार व्हायच्या आत काचेच्या दुकानापुढे रांग लागली. मटणवाला आपल्या रिकाम्या दुकानात बसून बघत होता. सकाळचीच सगळी तोंडं. कॅशियर दोन ट्रे घेऊन गेले. तासाभरात काचवाला पुन्हा मागच्या दाराशी. या वेळी आवाज खाली. "दादा, अजून आहे का? नाही, म्हणजे... उद्याही द्या. रोजच द्या. तुम्ही कापायचं, मी गुंडाळायचं. तुमचा हात फार सफाईचा आहे हो."

मटणवाला सुरी उचलून दगडावर घासायला लागला. सुरी खरोखरच बोथट झाली होती.

संध्याकाळी बाई अंगणात आल्या. एका हातात पाला, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून पांढऱ्या ट्रेचा कोपरा डोकावत होता. शहाण्याला पाला भरवता भरवता त्या मटणवाल्याकडे वळल्या. सकाळचा राग ओसरला होता. आता आवाजात वर्गात नापास झालेल्या पोराला समजवायची माया होती.

"राग मानू नका हं, पण तुमचा धंदाच असा. मी तर आता समोरूनच घेत जाईन. त्याचं बरं आहे. तिथे कुणाला मारावं लागत नाही."

मटणवाल्यानं तोंड उघडलं. ओठांवर आलेलं सगळं एकदा जिभेवर घोळवलं. मग म्हणाला, "आजचं मटण कसं आहे बाई?"

"अगदी कोवळं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे असं कधी मिळालं नाही."