बंदुकीची डावी बाजू

बंदुकीला भाव नाही ही बातमी नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळात पसरली, त्या दिवशी श्यामकांतना सांत्वनाचे फोन आले. बायको गेली तेव्हा बहुतेकांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून काम भागवलं होतं.

बंदूक बायकोची, शुभदाची होती. पहिल्या लॉकडाउनमध्ये ती शेजारच्या एकट्या डच आजींना रोज मऊ भाताचा डबा द्यायची. आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि जाताना त्यांनी आपल्या नवऱ्याची बंदूक तिला देऊन टाकली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा नेमबाजी स्पर्धेची आठवण म्हणून बनवलेली. लाकडी दस्त्याच्या दोन्ही बाजूंना नक्षीचे पितळी पत्रे होते. नळी कायमची बुजवलेली, आणि तसा दाखलाही सोबत होता.

इतकी वर्षं खंडेनवमीला लॅपटॉप आणि स्क्रू ड्रायव्हर पुजणाऱ्या घरात प्रथमच खरं शस्त्र आलं.

"असं काळंकुट्ट कसं पूजेला ठेवायचं?" शुभदा म्हणाली, आणि चिंच-मीठ लावून तिने उजवीकडचा पत्रा लखलखीत केला. मग हात दुखले. "डावी बाजू उद्या," म्हणत तिने उजळलेल्या पत्र्याला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. मग हॉस्पिटल. पुढे काही नाही.

मंडळाने झूमवर शोकसभा घेतली. अध्यक्ष सुदर्शन गहिवरून बोलत होता. मध्येच थांबला.

"काका, तुमच्या मागे भिंतीवर काय आहे ते? ओरिजिनल आहे का?"

तिथून पुढे शोकसभा बंदुकीचीच झाली.

सुदर्शन बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळत असे. आठवडाभरात त्याने एक्सेल शीट बनवली.

"काका, अशीच एक नेटवर आहे. चार हजार युरो."

"विकली गेली का?"

"नाही ना. तीन वर्षं तिथेच आहे. म्हणजे बघा, भाव किती टिकून आहे."

पुढच्या रविवारी भाव सहा हजारांवर गेला, कारण आजींची हृदयस्पर्शी गोष्टही सोबत जाणार होती. त्याच्या पुढच्या रविवारी सात हजार झाले, आणि कारण कोणी विचारलं नाही. पैशांतून 'शुभदाताई स्मृती पाककला स्पर्धा' ठरली. ज्या बाईने जन्मात कोणाच्या आमटीला गुण दिले नाहीत, तिच्या नावाने. बॅनरही छापून आला. त्यावर शुभदाचा फोटो होता, आणि सुदर्शनचा जरा मोठा होता.

श्यामकांतना बंदूक विकायची नव्हती. शुभदाच्या हातचं शेवटचं काम त्या पत्र्यावर होतं. पण बत्तीस चौकोनांतून बत्तीस तोंडं बघत असताना हे सांगायचं कसं? ते गप्प बसले, आणि मंडळाने तो होकार धरला.

मार्चमध्ये जुन्या शस्त्रांचा एक डच जाणकार मास्क लावून घरी आला. तेव्हा घरात एकाच पाहुण्याला परवानगी होती, म्हणून सुदर्शन टॅब्लेटवर साखरेच्या डब्याला टेकून हजर राहिला.

जाणकाराने डावी बाजू पाहिली. मान हलवली. "सुंदर."

"सात हजार," डब्याजवळून आवाज आला.

जाणकाराने बंदूक उलटली आणि पत्र्यावरून अंगठा फिरवला. नक्षीच्या खाचांत कुंकू होतं.

"हे कोणी केलं?"

"माझ्या बायकोने."

"कशाने?"

"चिंचेने. आणि मीठ."

त्याने बंदूक हळूच टेबलावर ठेवली. "लोक या जुन्या काळ्या रंगाचेच पैसे देतात. दोन्ही बाजू तशा असत्या तर पाचशे-सहाशे युरो आले असते. आता भिंतीवर लावा, छान दिसेल."

"काळ्या रंगाचे पैसे?" सुदर्शन म्हणाला. "आणि सात हजार?"

"ते कोणी सांगितलं?" जाणकाराने विचारलं. टॅब्लेटवरचा माइक बंद झाला.

जाणकार गेल्यावर सुदर्शनला पुन्हा वाचा फुटली. "काकूंनी हात लावायला नको होता हो. पण काका, आयडिया आहे. डाव्या बाजूचेच फोटो टाकू. उजवीकडे कोण बघतंय? फक्त ती बाजू तशीच ठेवा."

"बॅनरचं काय करणार?"

"ते बघू नंतर. पण डावीला हात लावू नका, प्लीज."

"बरं," म्हणून श्यामकांतनी टॅब्लेट बंद केला आणि शुभदाच्या वाटीत चिंच भिजत घातली. संध्याकाळभर फोन वाजत होते. 'फार वाईट झालं' असं जो तो म्हणत होता. श्यामकांत 'हो' म्हणत होते.

चिंच मऊ झाली. त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, बंदूक मांडीवर घेतली, डावी बाजू वर केली आणि तसेच बसून राहिले.

वाटीतली चिंच ते अधूनमधून बदलतात. डावी बाजू घासायची अजून राहिली आहे. कोणी विचारलं तर म्हणतात, "उद्या."