हत्तीच्या अटीचा निवाडा

श्री जलदेवता साक्ष. घाटाच्या मक्त्याचें वर्तमान पुसलेंत, तें जैसें घडलें तैसें सादर केलें आहे. शके सत्राशें, विलंबी नाम संवत्सरीं, एका राज्यांत नदी पार करविण्याचा मक्ता देण्याचें सरकारांत ठरलें आणि निविदा मागविल्या. त्या घाटावर भिवराबाई तांडेलीण सासऱ्याचे पश्चात नावा चालवीत असे. तिणें निविदा धाडिली, ती उघडल्याविना परत आली. कारण पुसतां कळलें कीं, ज्याणें नावेंतून हत्ती पार केला असेल त्यासच मक्ता, ऐसी अट आहे. आणि ऐसा मनुष्य राज्यांत एकच, कारभाऱ्यांचे मेहुणे हैबतराव. मग हैबतरावांनीं निरोप पाठविला कीं, बाईनें आमचे हाताखालीं राबावें, उपाशी ठेवणार नाहीं. बाईचा जांवई म्हणों लागला, पत्करावें, सरकाराशीं भांडून कोणाचें बरें जाहलें? परंतु बाईच्या मनांत एकच किडा वळवळत राहिला कीं, हत्ती नावेंत बसला कैसा? आणि मग तिणें न्यायाधीश निळोपंत यांजकडे फिर्याद गुदरली.

पावसाळा उलटला, बाईच्या नावा काठावर पालथ्या पडून राहिल्या, आणि मग सुनावणी जाहली. कारभाऱ्यांचे वकील बोलिले कीं, अटी घालणें ही सरकारची मर्जी, त्यांत न्यायासनानें पडूं नये. पंतांनीं तें शांतपणें ऐकिलें आणि पुसिलें कीं, या घाटावरून हत्ती किती जातात? वकिलांनीं सांगितलें कीं, राज्यांत हत्ती एकच होता, तो मागील सालीं वारला. परंतु पुढें कोणी आणिलाच तर तजवीज असावी. मग पंतांनीं बाईस बोलावयाची आज्ञा केली. बाई हात जोडून हैबतरावांस म्हणाली, "राव, बैल चढला तरी माझी नाव कलते. तुम्हीं हत्ती कोणत्या अंगानें चढविला, तेवढें शिकवा."

हैबतरावांनीं पागोटें सांवरिलें. मग हळूच वदले, "हत्ती पोहत गेला. नावेंत माहूत होता."

पंतांनीं अट रद्द केली आणि हुकूम फर्माविला कीं, घाटावरून जो जातो त्यास पाहून अटी घालाव्या, मक्ता ज्यास द्यावयाचा त्यास पाहून घालूं नयेत. मग नव्यानें निविदा निघाल्या, सर्वांच्या नावा भर धारेंत पारखिल्या, आणि मक्ता पैलतीरच्या दाऊद तांडेलास मिळाला. जांवयानें कपाळावर हात मारिला. बाई मात्र दाऊदच्या नावेंत चढली, फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरविलें, कोठें ओल लागेना. "यांत काय भरतोस रे?" तिणें पुसिलें. "बसा मावशी, दाखवितों," तो म्हणाला, आणि बाई बसली.

ऐसी ही हकीकत. बाई फिर्याद जिंकली, मक्ता हरली, आणि पुढील निविदेसाठीं आपल्या नावेच्या फळ्या उकलून बसली. इतकें लिहून बोरू ठेविला.